पन्नास घ्यायची, पण कुठली?

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कधी फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी मिसळीचा कट वाढून घेताना. "दादा, पन्नास एमएमची लेन्स घ्यायचीय. वन पॉइंट एट घेऊ, का थोडं थांबून वन पॉइंट फोर?" विचारणारा चित्रकलेच्या कॉलेजचा तरी असतो, नाहीतर नुकताच लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलेला. महागडी ती चांगली, हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. माझ्याकडून फक्त "घे भावा" ऐकायचं असतं. मी ते म्हणत नाही, म्हणून पुढं अर्धा तास जातो. तो अर्धा तास आज एकदाचा लिहून काढतो.

१.८, १.४ हे आकडे लेन्सच्या भोकाचे, म्हणजे अपर्चरचे. लिहिताना पुढं एफ/ लावतात, आणि आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. मोठ्या भोकाच्या लेन्सला फास्ट लेन्स म्हणतात, तिथला एक घोळ आधी मिटवू. फास्ट लेन्स म्हणजे ऑटोफोकस झटपट मारणारी लेन्स नव्हे. भोक मोठं, म्हणून प्रकाश जास्त, म्हणून शटर फास्ट ठेवता येतं, इतकाच त्याचा अर्थ. फोकस मारायला यातल्या कित्येक लेन्स मठ्ठच असतात.

आता हिशेब. १.८ वरून १.४ वर गेलात की प्रकाश मिळतो साधारण १.६५ पट. जिथं १/१२५ सेकंदाचं शटर चालत होतं, तिथं १/२०० चालेल. झालं, एवढंच. १.२ घेतलीत तर १.८ च्या सव्वादोन पट. कॅननची आरएफ ५० एफ/१.८ ही २०२० साली अमेरिकेत २०० डॉलरला निघाली. त्याच कॅमेऱ्यांना बसणारी एफ/१.२ तिच्या आधी, २०१८ ला आली, ती २,२९९ डॉलरला. म्हणजे साडेअकरा पट पैसे आणि सव्वादोन पट प्रकाश. वजन १६० ग्रॅमच्या जागी ९५० ग्रॅम. आजच्या कॅमेऱ्यात आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपायची ताकद, १६०० ची ३२०० करायला बोट फिरवावं लागतं, कर्ज काढावं लागत नाही. अंधारासाठी म्हणून कुणी १.२ घेणार असेल तर मी सरळ नको म्हणतो.

मग महाग लेन्स बनवणारे खुळे आहेत का? तसं नाही. पूर्ण उघडी असतानाही कोपऱ्यापर्यंत चित्र तासलेलं राहावं, दागिन्याच्या चमकेला जांभळी कड येऊ नये, यासाठी ते काचेवर काच चढवत जातात. सिग्माची २०१४ ची आर्ट ५० एफ/१.४ घ्या, ८१५ ग्रॅम. नवरीच्या गळ्यातला साज असा येतो की मणी मोजून घ्यावेत. जुन्या बांधणीच्या एफ/१.४ लेन्स पूर्ण उघडल्या की त्याच साजाला दुधट तेज चढतं, सोन्याच्या कडेला मागंपुढं जांभळं-हिरवं फुटतं. सोनाराला दाखवायचा फोटो असेल तर तो वाया गेला. नवरीच्या आईला दाखवायचा असेल तर तिला तोच आवडतो. चेहऱ्यावरचा रात्रभरच्या जागरणाचा थकवा त्या दुधात विरघळतो ना!

लोक ज्याला लेन्सचं कॅरेक्टर म्हणतात, ते बऱ्याच अंशी असं न सुधारलेल्या दोषांतून येतं. आणि ते दिसतं पूर्ण उघड्यापासून फार तर २.८ पर्यंत. एफ/५.६ ला माझ्याकडच्या तिन्ही पन्नाशीतल्या लेन्सचे फोटो एकत्र मिसळले तर मलाही वेगळे काढता येणार नाहीत.

हे मला कळलं ते पंचगंगेच्या घाटावर. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे तिथं हजारो पणत्या लागतात, आणि लेन्सची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. एका पायरीवर ठाण मांडलं, समोरच्या एका पणतीवर फोकस ठेवला आणि लेन्स बदलत गेलो. कॅननची १९९० ची जुनी ५० एफ/१.८ टू, भोक लहानमोठं करणाऱ्या पाच पात्यांची. २.८ करताच मागच्या सगळ्या पणत्या पंचकोनी. ओळीनं मांडलेल्या बोल्टच्या चाक्यांसारख्या. तिचीच २०१५ ची नवी आवृत्ती, एसटीएम, लावली, सात गोलसर पाती, तर पणत्या बऱ्यापैकी गोल राहिल्या. काचेची बांधणी जवळपास तीच, पण पात्यांनी सगळं पार्श्वभूमीचं रूप बदलून टाकलं.

मग लावली हेलिओस ४४-२. सोव्हिएत रशियातली ५८ एमएम एफ/२, झाइसच्या युद्धपूर्व बायोटारच्या नकाशावरून बेतलेली. मधल्या पणत्या गोल, पण कडेला जाईल तसतशा चपट्या होत मधल्या पणतीभोवती फेर धरून उभ्या. भोंडल्यासारख्या. कडेचा प्रकाश लेन्सच्या नळकांड्यात कापला जातो, त्यामुळं गोलाचं पान होतं. इंग्रजीत त्याला मांजराचा डोळा म्हणतात, आणि या मागच्या धुरकट भागाला जपानी शब्दावरून सगळीकडं बोके म्हणतात. मांजराच्या डोळ्यांचे बोके! मराठी माणसानं हसू आवरून फोटोग्राफी कशी शिकायची?

तो फेर क्रॉप बॉडीवर, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, मात्र नीट दिसत नाही, कारण कडाच कापून जातात. व्हिडिओ बघून हेलिओस मागवणाऱ्यांची पहिली निराशा इथं होते. फोकस हातानं, अपर्चर हातानं. पाहुणे स्टेजवर चढत असताना ही लेन्स लावणाऱ्याला पुढची ऑर्डर मिळत नाही.

घाटावर मी हेलिओसच्या प्रेमात पडलो, आणि तालमीत पूर्ण उघड्या लेन्सची मस्ती उतरली.

आमच्या ओळखीच्या एका तालमीत सकाळी साडेपाचला जायचो. आत एकच झरोका. हौद्यातल्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मुरलेलं, त्याचा वास कपड्यांना दुपारपर्यंत राहायचा. जोर मारून उठलेला एक पैलवान झरोक्याखाली बसला होता. माझ्यापासून मीटरभर. १.४ पूर्ण उघडली, डोळ्यावर फोकस, पापणीवरचा मातीचा कणही टिपला गेला. मला वाटलं, आज आपण जिंकलो.

चार दिवसांनी प्रिंट घेऊन वस्तादांकडं गेलो. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ घेतला आणि म्हणाले, "ह्याचा कान कुठं गेला?"

कान होता. पण पुसलेला, लोण्याच्या गोळ्यासारखा. पन्नास एमएमला, मीटरभर अंतरावर, एफ/१.४ ला स्पष्ट येणारी जागा जेमतेम तीन सेंटिमीटर. डोळ्यापासून कान त्याच्या कितीतरी मागं. आणि पैलवानाचा मोडलेला कान म्हणजे त्याची पदवी! वर्षानुवर्षं माती खाऊन, रग लागून तो तसा होतो. मी नेमकी तीच पदवी खोडली होती.

दुसऱ्या दिवशी साधी १.८ घेऊन गेलो, एफ/४ केली, आयएसओ वाढवला. फोटोत थोडे दाणे आले. डोळाही आला, कानही आला. तो प्रिंट अजून तालमीत मारुतीच्या तसबिरीशेजारी आहे. पहिला माझ्या खणात.

म्हणून पहिली पन्नास घेणाऱ्याला माझं उत्तर १.८, आणि तीही नवी. निकॉनवाल्यांनी अक्षराकडं बघून घ्यावं: जुन्या एएफ ५० एफ/१.८डी मध्ये मोटर नाही, त्यामुळं डी ३००० किंवा डी ५००० मालिकेच्या बॉडीवर ती फोकस मारत नाही. २०११ ची एएफ-एस १.८जी मारते. दोन-तीन हजार वाचवायला डी घेऊन नंतर कपाळाला हात लावलेली पोरं मी बघितली आहेत.

पण त्याच्याही आधी मी एक उलटा प्रश्न विचारतो: बॉडी कुठली? क्रॉप असेल तर पन्नास ही पन्नास राहतच नाही. निकॉनवर ७५ सारखी, कॅननवर ८० सारखी दिसते. देवघरासमोर बसलेल्या आजीचा फोटो घ्यायला मागं सरकत जाता, पाठ भिंतीला लागते आणि तरी आजीचे पाय कापलेले. अशांनी ३५ घ्यावी. निकॉनची २००९ ची डीएक्स ३५ एफ/१.८जी दोनशे ग्रॅमची आहे, आणि किमतीला इतकं काम देणाऱ्या लेन्स मी फार बघितलेल्या नाहीत.

१.४ कुणी घ्यावी? ज्याची १.८ महिनाभर उघडीच राहते आणि तरी त्याला काहीतरी कमी वाटतं, त्यानं. ते काय कमी वाटतं हे बोटानं दाखवता आलं पाहिजे. "जरा भारी दिसतंय" एवढंच सांगता येत असेल तर अजून महिनाभर थांब.

सेकंडहँड घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून लावून काचेतून आरपार बघा. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. माझी पहिली हेलिओस मी अशीच एका दुकानातून दिवेलागणीला, ट्यूबलाइटखाली घेतली. घरी येऊन बघतो तर आत जाळंच जाळं. दुकानदार म्हणाला, "ते त्याचं कॅरेक्टर आहे." पैसे काही परत मिळाले नाहीत. आता लेन्स झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. तांदळात कुणी ठेवू नका, कोंडा फोकसच्या रिंगमध्ये जातो.

एवढं ऐकूनही ज्याचं ठरत नाही, त्याला मी माझी १.८ दोन दिवसांसाठी देतो. परवा एक जण घेऊन गेलाय. जाताना म्हणाला, "दादा, आणि ती १.४ पण द्या की, ताडून बघतो." दिली. पुढचं झाकण मात्र माझ्याकडंच ठेवून घेतलंय, म्हणजे परत यावंच लागेल.