वास येत नाही, म्हणजे नेमके काय होते

शेगडीवर ठेवलेले दूध आटून करपले, भांड्याचे बूड काळे पडले, आणि मी त्याच खोलीत चार पावलांवर पुस्तक वाचत बसले होते. आतल्या खोलीतून मुलगी धावत आली तेव्हा मला कळले. नाक चोंदलेले नव्हते, श्वास मोकळा होता, दोन दिवसांपूर्वी आलेला ताप उतरला होता आणि घशाची खवखवही कमी झाली होती. गॅस बंद करून मी साबणाची वडी नाकाशी धरली, मग कॉफीची बरणी उघडली, मग अत्तराची कुपी. कशालाही वास नव्हता. चाचणी केल्यावर कोविड निघाला. या गोष्टीला आता दीड वर्ष झाले आहे, आणि या काळात जे वाचले, जे सोसले, ते नीट मांडून ठेवावे असे वाटल्यामुळे हे लिहीत आहे.

आजारपणानंतर 'तोंडाची चव गेली' असे आपण म्हणतो आणि मीही पहिले काही दिवस तेच म्हणत होते. पण माझी जीभ शाबूत होती. मीठ खारट लागत होते, साखर गोड लागत होती, लिंबाचा आंबटपणा आणि कारल्याचा कडूपणा अचूक कळत होता. घास चावताना पदार्थातून जे सूक्ष्म वाफारे निघतात ते घशाच्या मागून वर नाकात चढतात आणि ज्याला आपण चव म्हणतो तिचा फार मोठा भाग तिथे तयार होतो. तो मार्ग बंद झाला की जिभेच्या पदरी गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे रश्शासारखी खमंग रुची, एवढेच उरते. त्या दिवसांत सफरचंद आणि कच्चा बटाटा यांत मला केवळ गोडीचा आणि रसाचा फरक जाणवत असे.

साध्या सर्दीत वास जातो त्याचे कारण बहुतेक वेळा सोपे असते: नाकातील अस्तर सुजते, शेंबूड साचतो आणि जिथे गंध टिपला जातो त्या वरच्या अरुंद फटीपर्यंत हवा पोहोचतच नाही. सर्दी ओसरली की वास परत येतो. कोविडमध्ये मात्र नाक स्वच्छ असतानाही एका रात्रीत वास नाहीसा होत होता, आणि त्यामुळे विषाणू थेट गंध ओळखणाऱ्या चेतापेशींनाच मारत असावा अशी भीती सुरुवातीला व्यक्त झाली. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या प्रयोगशाळेचे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले, त्याने या प्रश्नाकडे पाहण्याची दिशा बदलली. हा विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई2 नावाच्या प्रथिनाचा आधार घेतो. ते प्रथिन बनवण्याची सूचना गंध ओळखणाऱ्या चेतापेशींमध्ये आढळली नाही. ती आढळली त्यांच्या भोवती उभ्या असलेल्या आधारपेशींमध्ये. या आधारपेशी चेतापेशींना सांभाळतात, भोवतालच्या द्रवातील क्षारांचे प्रमाण राखतात, वापरून झालेले गंधरेणू निकालात काढतात. त्या कोलमडल्या की चेतापेशी जिवंत असूनही काम करू शकत नाहीत. आधारपेशी पुन्हा तयार होतात, आणि बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो याचा उलगडा यातून बऱ्याच अंशी होतो. हे वाचले तेव्हा मला खरोखर धीर आला. माझे नाक मेलेले नव्हते, त्याची देखभाल करणारे गेले होते.

काहींच्या बाबतीत मात्र ही दुरुस्ती रेंगाळते. पुढच्या संशोधनात, दीर्घकाळ वास न परतलेल्या रुग्णांच्या गंधपटलाचे, म्हणजे नाकातील गंध टिपणाऱ्या अस्तराचे, सूक्ष्म नमुने तपासले असता, विषाणू सापडत नसतानाही तिथे रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडून बसलेल्या आणि चेतापेशींची संख्या घटलेली आढळली. मी याच दुसऱ्या गटात मोडत असावे.

हे दुखणे कोविडने जन्माला घातलेले नाही. इन्फ्लुएन्झा, ऱ्हायनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा अशा अनेक विषाणूंच्या संसर्गानंतर माणसांचा वास जातो आणि काहींचा वर्षानुवर्षे परत येत नाही, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. फक्त ते रुग्ण विखुरलेले होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे कोणाच्या कानी पडत नव्हते. 2020 मध्ये एकाच वेळी लाखो लोकांनी तीच तक्रार केली आणि मग ब्रिटनने 18 मे 2020 रोजी वास किंवा चव जाणे हे अधिकृत लक्षणांत घेतले. नंतर कोविडच्या विषाणूचा ओमायक्रॉन हा बदललेला प्रकार आला तेव्हा हे लक्षण बरेच कमी दिसू लागले. म्हणून वास शाबूत आहे, तेव्हा कोविड नाही, असा निष्कर्ष काढणे चूक आहे.

मला एका गोष्टीने बराच काळ फसवले. नीलगिरीचे तेल हुंगले की नाकात गारवा जाणवे, कांदा चिरताना डोळे चुरचुरत, आणि मला वाटे की थोडा तरी वास येतो आहे. गारवा, झोंबणे, जळजळ या संवेदना चेहऱ्याच्या वेगळ्याच चेतेकडून, त्रिधारी चेतेकडून, मेंदूला पोहोचतात. तिचा गंधाशी संबंध नाही. ज्यांना आपला वास किती गेला आहे हे घरच्या घरी पाहायचे असेल त्यांनी झोंबणाऱ्या वस्तू वगळून व्हॅनिला किंवा कॉफीसारखी वस्तू वापरावी.

तिसऱ्या महिन्यात वास परतू लागला, पण विद्रूप होऊन. कॉफीला जळलेल्या रबराची आणि नासक्या मांसाची मिळून एक दुर्गंधी येऊ लागली. कांदा, लसूण, भाजलेले पदार्थ, टूथपेस्ट, सगळ्यांना तीच. मी जेवणाच्या टेबलावरून उठून जात असे आणि ज्यांनी प्रेमाने रांधले होते त्यांचे चेहरे पाहवत नसत. या अवस्थेला पॅरॉस्मिया म्हणतात. माणसाच्या नाकात गंध टिपणारी सुमारे 400 प्रकारची ग्राहके असतात. ही ग्राहके घडवणाऱ्या जनुकांचे हे मोठे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये उजेडात आणले आणि त्याबद्दल त्यांना 2004 चे नोबेल मिळाले. एखाद्या पदार्थाचा गंध म्हणजे यांतील अनेक ग्राहकांनी एकत्र दिलेला संकेत असतो. काही प्रकारच्या चेतापेशी आधी उगवल्या आणि काही मागे राहिल्या, तर मेंदूला अपुरा संकेत मिळतो आणि तो ओळखीचा राहत नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठातील जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीतील घटक एकेक करून रुग्णांना हुंगायला दिले, तेव्हा गंधकयुक्त आणि अत्यल्प प्रमाणातही जाणवणारी काही संयुगे वारंवार दोषी ठरली. भाजण्याच्या क्रियेतून आणि कांद्या-लसणातून अशीच तीव्र संयुगे निघतात. म्हणजे माझा तिटकारा लहरी नव्हता, त्यामागे रसायन होते. हे कळल्यावर मी थंड, न भाजलेले, सौम्य पदार्थ खाऊ लागले आणि घटलेले वजन सावरले.

औषधाबद्दल मी सावधपणे लिहिते. नाकात जस्ताची औषधे घालू नयेत. त्यांच्यामुळेच वास गेल्याच्या तक्रारी आल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2009 मध्ये अशा उत्पादनांविरुद्ध इशारा दिला होता. स्टेरॉइडच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. ज्याला बऱ्यापैकी आधार आहे आणि ज्यात अपाय जवळजवळ नाही असा उपाय म्हणजे गंधाचा सराव. जर्मनीतील ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध केली: गुलाब, नीलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार गंध, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. प्रत्येक गंध काही सेकंद हुंगायचा आणि त्या वेळी तो गंध आठवण्याचा मनापासून प्रयत्न करायचा. सगळ्यांना गुण येत नाही आणि ज्यांना येतो त्यांनाही सावकाश येतो. मी 12 आठवड्यांवर थांबले नाही, अजूनही करते.

मी ज्या डॉक्टरांकडे प्रथम गेले ते म्हणाले, "जीव वाचला ना, वासाचे काय एवढे." ते वाक्य मला आजही लागते. गॅस गळतो आहे का, धूर झाला आहे का, अन्न आंबले आहे का, हे ज्याला कळत नाही त्याने निर्धास्त कसे जगावे? स्वयंपाकाचा गॅस मुळात गंधहीन असतो आणि गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे रसायन मिसळतात. ती सारी व्यवस्था माझ्यापुरती निरुपयोगी झाली होती, म्हणून मी घरात गॅस आणि धुराचे सूचकयंत्र बसवले आणि प्रत्येक डब्यावर तारीख लिहू लागले. पण त्याहून खोल दुःख सांगता येत नव्हते. झोपलेल्या मुलीच्या केसांत नाक खुपसले तरी ती मला परकी वाटे. स्वतःच्या अंगाला घामाचा वास येतो की काय या धास्तीने मी दिवसातून तीनदा आंघोळ करीत असे. डॉक्टरांनी अशा रुग्णाला किमान एवढे विचारावे की जेवण जाते का, मन कसे आहे, घरी गॅसची काय सोय केली आहे.

सरावाची एक वही मी ठेवली आहे. तिच्यात रोज चार गंधांपुढे शून्य ते पाच असे गुण लिहिते. पहिल्या पानांवर शून्येच आहेत. मध्ये गुलाबापुढे 'काहीतरी, पण गुलाब नाही' अशी नोंद पुन्हा पुन्हा येते. गेल्या महिन्यात लिंबाला चार दिले. लवंग अजून नुसती झोंबते.