विल्मिंग्टनचं ‘ओल्ड स्वीड्स’: आत जाण्याआधी दक्षिणेची भिंत बघा

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात विल्मिंग्टनला स्वीडिश वसाहतवाल्यांचं जुनं होली ट्रिनिटी चर्च, म्हणजेच ‘ओल्ड स्वीड्स’, आहे. ते बघायला अर्धा दिवस पुरतो. फोनवर पत्ता टाकताना मात्र गावाचं नाव तपासा. फिलाडेल्फियातल्या ग्लोरिया डे चर्चलाही ‘ओल्ड स्वीड्स’च म्हणतात आणि नकाशा बरेचदा तिकडेच नेतो. फिलाडेल्फियाहून ॲमट्रॅकच्या (लांब पल्ल्याच्या) रेल्वेने साधारण २५ मिनिटं लागतात. सेप्टाची (फिलाडेल्फिया भागातली वाहतूक सेवा) लोकल स्वस्त, पण तिला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. स्टेशनपासून चर्च स्ट्रीटपर्यंत चालत वीसेक मिनिटं.

पोचल्यावर लगेच आत शिरू नका. आधी बाहेरून एक फेरी मारा, कारण या इमारतीचं दुखणं बाहेरूनच कळतं. १६९८-९९ मध्ये पाद्री एरिक ब्योर्क यांनी ती बांधून घेतली. आतून ६० फूट लांब, ३० फूट रुंद, भिंती २० फूट उंच. दगडी भिंत खिडक्यांपर्यंत ३ फूट जाड ठेवली आणि वर २ फुटांवर आणली. खर्च वाचला, पण छपराचा बाहेरच्या बाजूचा रेटा नेमका त्या पातळ भागावर आला. पन्नासेक वर्षांत भिंती फुगायला लागल्या. दक्षिणेकडची कमानींची पडवी सावलीसाठी बांधलेली वाटते, पण मुळात तो भिंतीला लावलेला टेकू आहे. फोटो काढायचा तर या बाजूचाच काढा. दुपारी इथे ऊन असतं.

मनोऱ्याकडे बघितलं की दगड संपून वीट सुरू झालेली दिसते. तो १८०२ चा, म्हणजे मूळ चर्च बिनमनोऱ्याचं होतं. छपराच्या टोकांचे त्रिकोण वरून छाटल्यासारखे आहेत, तेही नजरेतून सोडू नका.

आत गेल्यावर सर्वात जास्त वेळ उपदेशपीठाला, म्हणजे पाद्री जिथून प्रवचन देतात त्या उंच चौथऱ्याला, द्या. काळ्या अक्रोडाच्या लाकडाचं हे पीठ फिलाडेल्फियाच्या जॉन हॅरिसनने १६९९ मध्ये घडवलं. अमेरिकेतल्या सर्वात जुन्या उपदेशपीठांत त्याची गणना होते. दारं लावलेले, खोकेवजा बाक मात्र तेवढे जुने नाहीत. ते १८९९ च्या जीर्णोद्धारातले. फोटोंखाली बरेच जण सगळंच सतराव्या शतकातलं लिहून मोकळे होतात.

चर्च मूळचं स्वीडिश लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचं. १७९१ मध्ये ते एपिस्कोपल, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या अमेरिकी शाखेचं, झालं. या जागेवरची दफनभूमी मात्र चर्चच्या इमारतीहूनही आधीची, १६३८ पासूनची, त्यामुळे थडग्यांमधून जपून चाला आणि जुन्या दगडांवर हात टेकू नका. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री राहिलेले थॉमस बेयर्ड याच आवारात पुरलेले आहेत.

आवारातलं हेन्ड्रिक्सन घर मूळचं इथलं नाही. १७२२ च्या सुमाराचं हे दगडी घर पेनसिल्व्हेनियातून १९५९ मध्ये इथे हलवलं.

चर्चचं दार एरवी बंद असतं आणि आतून बघायला मार्गदर्शकासोबत जावं लागतं, म्हणून वेळा निघण्याआधी विचारून घ्या. रविवारी प्रार्थना चालते. त्या वेळी पर्यटक म्हणून घुसू नये, भक्त म्हणून बसायला हरकत नाही. शेजारून रेल्वेमार्ग जातो, त्यामुळे व्हिडिओत गाडीचा खडखडाट येणारच.

वेळ उरला तर दहा मिनिटांवर फोर्ट क्रिस्टिना या जुन्या किल्ल्याची जागा आहे. १६३८ मध्ये स्वीडिश वसाहतवाले तिथेच उतरले. तिथलं स्वीडिश शिल्पकार कार्ल मिलेसचं काळ्या ग्रॅनाइटचं स्मारक १९३८ चं, आणि त्यावर कोरलेलं जहाज म्हणजे त्या वसाहतवाल्यांना आणणारं ‘कालमार निकेल’.