कुलकर्णी, पण कुठले?

कुलकर्णी म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कुठले कुलकर्णी? मला तो प्रश्न एकदम रास्त वाटतो, कारण कुलकर्णी हे मुळात घराण्याचं नाव नाहीच, गावातल्या हुद्द्याचं नाव आहे. गावचा कारभार पाटलाकडे आणि दप्तर कुलकर्ण्याकडे, म्हणजे कोणाची जमीन किती, सारा किती भरला, बाकी किती, सगळं त्याच्या मोडी कागदांत. परगण्याला हीच जोडी देशमुख आणि देशपांडे.

आणि हे वतन होतं ना, त्यामुळे बापानंतर मुलगा, मग भावाभावांत वाटण्या, त्यावरून भांडणं, कधी वतन विकायचेसुद्धा, आणि जो घेईल तो पुढे कुलकर्णी! म्हणून तर एका कुलकर्ण्याचं गोत्र, कुलदैवत दुसऱ्याशी जुळेलच असं नाही आणि कुलकर्णी-कुलकर्णी लग्नंही होतात. नाना फडणवीस मूळचे भानू, पेशवे मूळचे भट, हे आपण शाळेपासून ऐकतो, पण आपल्याही आडनावाखाली असंच एखादं जुनं आडनाव दबलेलं असेल हे डोक्यातच येत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी मोकळेपणाने बोलायला हवी. लिहिणं-वाचणं मोजक्यांच्या हातात असताना ज्याच्याकडे दप्तर त्याच्याकडे सत्ता, आणि त्याचा त्रास रयतेला झाला. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले ते उगाच नाही, आणि मला तो निर्णय योग्यच वाटतो. पुढे मुंबई राज्याने 1950 मध्ये कायदा करून परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द केली. काम गेलं, आडनाव राहिलं.

ज्यांना मूळ शोधायचंय त्यांनी आधी कुलदैवत बघा. ते वतनाच्या गावापासून फार लांब असेल तर घराणं बहुतेक तिकडून आलेलं असतं. मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, त्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात, गावाच्या नावावरून शोधतात. आणि घरात जुने मोडी कागद असतील तर प्लीज रद्दीत घालू नका, आधी स्कॅन करा, वाचणारे लोक आहेत अजून.