वाचलेली देवळं, बुडालेली गावं

लक्सर, रात्री

इजिप्तमध्ये नाईलवरून लक्सर ते आस्वान जायचं म्हणून आई आणि मी दुपारी बोटीवर आलो. खोलीचा पडदा सारला तर समोर नाईल दिसायच्या ऐवजी शेजारच्या बोटीची खिडकी! इथे धक्क्यावर बोटी एकीला एक लावून उभ्या करतात. काठावर जायचं म्हणजे मधल्या बोटींच्या आतून चालत जायचं. आईला याची फार मजा वाटली, प्रत्येक बोटीत थांबून तिने तिथली सजावट पाहून घेतली.

कर्नाकच्या देवळातल्या मोठ्या दालनात १३४ खांब आहेत, मधले बारा तर सुमारे २१ मीटर उंच. तिथे बोलावंसंही वाटत नाही. तरी आजच्या दिवसातलं मनात घर करून राहिलंय ते लक्सरच्या देवळातलं एक दार. या देवळाच्या आतच अबू हग्गाग या सूफी संतांची मशीद आहे. तिचं जुनं दार आता जमिनीपासून कितीतरी उंच, भिंतीत अधांतरी उघडतं. मशीद बांधली तेव्हा देऊळ तेवढ्या उंचीपर्यंत मातीखाली गेलेलं होतं आणि त्या मातीवर गाव नांदत होतं. पुढे उत्खननात माती हटली, घरं हटली, मशीद राहिली. आजही तिथे नमाज होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वी जिथे अमुन या देवाची पूजा सुरू झाली, तिथे अजून कोणी ना कोणी हात जोडतं किंवा पसरतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कर्नाक ते लक्सर जवळजवळ पावणेतीन किलोमीटरचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना स्फिंक्स. वर्षातून एकदा अमुनची मूर्ती होडीच्या आकाराच्या पालखीत बसवून पुजारी खांद्यावरून नेत. गाईडने हे सांगितलं आणि आई लगेच म्हणाली, "म्हणजे वारीच की गं." त्यांना वारीचं सांगताना माझी तारांबळ उडाली, पण त्यांनी फार मन लावून ऐकलं.

एस्ना

लॉकसाठी, म्हणजे बंधाऱ्यापाशी बोटी वरच्या पातळीला चढवणाऱ्या कप्प्यासाठी, रांग होती. बोट एका अरुंद कप्प्यात शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरतं आणि एवढं मोठं धूड संथपणे वर उचललं जातं. आपण प्रवाहाच्या विरुद्ध निघालोय, दक्षिणेकडे. नाईल उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक उत्तरेकडून येतो. त्यामुळे जाताना शीड उभारायचं आणि येताना शीड उतरवून प्रवाहावर सोडून द्यायचं, हा इथला हजारो वर्षांचा प्रवास. चित्रलिपीतही दक्षिणेला जाण्याच्या चिन्हात होडीला शीड असतं, उत्तरेच्या चिन्हात नसतं.

थांबलो होतो तेवढ्यात छोट्या होड्यांतून विक्रेते आले. झगे, चादरी पिशवीत घालून थेट वरच्या डेकवर फेकतात. पसंत पडलं तर पैसे त्याच पिशवीतून खाली टाकायचे, नाहीतर माल परत. आईने एक टेबलक्लॉथ घेतला.

संध्याकाळभर डेकवर बसले. काठाला ऊस, खजूर, केळी, चरणाऱ्या म्हशी, त्यांच्या आजूबाजूला बगळे. या हिरव्या पट्ट्यामागे लगेच वाळवंट. काही ठिकाणी तर शेत संपतं आणि पुढच्याच पावलाला वाळू सुरू होते. पोरं पाण्यात उभी राहून हात हलवत होती. या प्रवासात देवळांइतकाच हा काठ पाहायला मिळतो, आणि जेवणाच्या वेळा पाळायच्या म्हणून लोक तो सोडून आत जातात, याची मला हळहळ वाटते.

एडफू

आजचा दिवस सगळ्यात मोठा. होरस या ससाणारूपी देवाचं हे देऊळ इसवी सनापूर्वी २३७ मध्ये बांधायला घेतलं आणि इसवी सनापूर्वी ५७ मध्ये पुरं झालं. म्हणजे पाया घालणाऱ्या पाथरवटाच्या कितव्या पिढीने शेवटची छिन्नी मारली असेल!

आत जाताना जमीन थोडी थोडी चढत जाते, छत खाली येतं, उजेड कमी होतो. मोठं अंगण, खांबांचा मंडप, आणखी एक मंडप, मग गाभारा. गाभाऱ्यात एकसंध ग्रॅनाइटचं देवघर आहे, ते या देवळाहूनही जुनं. सकाळी पुजारी दार उघडून देवाला जागं करत, अंघोळ घालत, वस्त्रं नेसवत, नैवेद्य दाखवत. नैवेद्य नंतर पुजाऱ्यांत वाटला जाई. आईने हे ऐकलं आणि ती उंबऱ्याशीच थांबली. वाकून हात लावला, मग आत गेली. तिच्यासाठी तो क्षण पुरेसा होता, पुढच्या भिंतींवर कोरलेली पाणघोड्याची शिकार तिने फारशी पाहिलीही नाही.

मला मात्र छताचा विचार सोडवेना. १८६० च्या सुमाराला ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच माणसाने इथली वाळू उपसायला घेतली, तेव्हा या छतावर गावातली घरं होती. खाली होरस, वर संसार. देऊळ इतकं धडधाकट राहिलं ते वाळूने आणि गावाने झाकून ठेवलं म्हणूनच. आज गाव बाजूला झालंय, तरी भिंतीपलीकडे लगेच घरांच्या गच्च्या आणि वाळत घातलेले कपडे दिसतात.

दरवर्षी लक्सरच्या उत्तरेकडच्या डेंडेराहून हाथोर देवीची मूर्ती नदीमार्गे इथे येई, होरसच्या भेटीला. दोन आठवडे उत्सव चाले. वाटेतली गावं काठावर जमत असणार. आज आम्ही ज्या पाण्यावरून आलो त्याच्या एका टप्प्यावर देवही बोटीतून यायचे, हे कळल्यावर नदीकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

कोम ओम्बो

संध्याकाळी पोचलो. एका देवळात दोन देव, मगररूपी सोबेक आणि ससाणारूपी हरोएरिस, सगळं जोडीने, दोन गाभारे. मगरींच्या ममी आहेत. मी जास्त वेळ थांबले ती तिथल्या विहिरीपाशी. पुराची पातळी मोजायची ही जागा. पूर किती चढला त्यावर पीक, आणि पिकावर शेतसारा.

आता पूर येत नाही. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पुरं झालं आणि गाळ वरच अडला. विजेसाठी, बारमाही पाण्यासाठी देशाला ते हवं होतं. त्याची किंमत कोणी मोजली ते उद्या कळेल, असं गाईड म्हणाले.

आस्वान

सकाळी फिलेचं देऊळ. होडीतून बेटावर उतरलो आणि आयसिस देवीचं हे देऊळ पाण्याच्या काठाशी इतकं सहज उभं, की ते मूळचं इथलं नाही हे सांगूनही पटत नाही. १९०२ च्या जुन्या धरणाने ते वर्षातले कितीतरी महिने पाण्याखाली जाई, प्रवासी खांबांमधून होड्या वल्हवत. पाण्याने भिंतींवरचे रंग गेले. नवं धरण आल्यावर ते कायमचंच बुडालं असतं. मग युनेस्कोच्या मोहिमेत सभोवती बांध घालून पाणी उपसलं, देवळाचे सुमारे ४०,००० तुकडे केले आणि अगिल्किया या शेजारच्या बेटावर जसंच्या तसं उभं केलं. १९७२ ते १९८०. इसवी सन ३९४ मधला एक लेखही इथे आहे, चित्रलिपीतला आज माहीत असलेला शेवटचा. तोही सुखरूप आहे.

दुपारी मोटरबोटीने गर्ब सोहेल या न्युबियन, म्हणजे आस्वानच्या दक्षिणेकडच्या नाईलकाठच्या लोकांच्या, गावात. निळ्या-पिवळ्या भिंती, टाकीत ठेवलेलं मगरीचं पिल्लू, लाल आंबाडीच्या फुलांचं थंडगार करकदे. ज्या घरात बसलो तिथल्या आजींचं माहेर धरणात गेलंय. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार न्युबियन लोकांना उठवून कोम ओम्बोच्या माळावर नेलं, नदीपासून लांब. आजी तेव्हा लहान होत्या. नव्या वसाहतींना जुन्याच गावांची नावं दिली, पण खजुराची झाडं नेता येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. आईने गाईडना विचारलं, "यांना शेत मिळालं का हो?" आमच्याकडे उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते पाहायला गर्दी होते. ज्यांची घरं त्या पाण्यात गेली ती माणसं आईला ठाऊक आहेत. तिला दुसरं काय विचारावंसं वाटणार? आजींनी जे सांगितलं ते गाईडनी थोडक्यातच भाषांतरित केलं: मिळालं, पण उशिरा.

मी तेव्हापासून अस्वस्थ आहे. देऊळ वाचवलं ते योग्यच झालं, मला त्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. सुमारे पन्नास देशांनी पैसे दिले, दगडांना क्रमांक घातले. तेवढ्याच काळजीने एखादं गाव, त्याची नदी, त्याची झाडं यांचा विचार झाला असता तर? कार्यक्रमात या गावाला एक तास दिला होता, उंटाची फेरी धरून. हे मला पटत नाही. लक्सरहून इथवर जी देवळं पाहिली त्यांच्या अंगाखांद्यावर गावं राहत आली. न्युबियात मात्र देवळं नव्या जागी नदीकाठीच राहिली आणि माणसं नदीपासून तोडली गेली. इथे येणाऱ्याने आधी आस्वानचं न्युबिया संग्रहालय पाहावं, १९९७ पासून उघडं आहे, मग फिले पाहावं.

उद्या पहाटे अबू सिम्बेलची बस आहे. तेही देऊळ ६५ मीटर वर उचललेलं. परतल्यावर दुपारी खरेदीसाठी मोकळा वेळ आहे, तो आम्ही संग्रहालयाला देणार. आईने आजींकडून मण्यांची एक माळ घेतली, पैशांवरून घासाघीस केली नाही. निघताना दोघींनी एकमेकींचे हात बराच वेळ धरले होते, आणि मी गाईडना आजींच्या माहेरचं नाव पुन्हा विचारून इथे मागच्या पानावर लिहून ठेवलंय.