फियाट, हायलक्स आणि पाटे

दुपारच्या वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये या दोघी शेजारी उभ्या दिसल्या की हसूच येतं. एक प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट. दुसरी टोयोटाची हायलक्स, मागे माल ठेवायचा उघडा हौदा असलेली पिकअप. हायलक्स ५३२५ मिलिमीटर लांब आणि १८५५ रुंद. फियाट चार मीटरच्या आत आटोपते आणि रुंदीला दीड मीटरही भरत नाही. एकीचं इंजिन १०८९ सीसीचं, पेट्रोलवर चालणारं. दुसरीचं २७५५ सीसीचं टर्बो डिझेल. तुलना कसली करायची!

पण जरा वाकून मागच्या चाकांच्या आत बघा. दोघींनाही पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमानदार स्प्रिंग. त्यातली एकेक पट्टी म्हणजे पान.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटला मागे सलग एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) आणि पाटे होते, तेच आजच्या पिकअपलाही आहेत. कारण साधं आहे. पाटा वजनही पेलतो आणि एक्सलला जागेवरही धरतो. वेगळे दांडे लागत नाहीत. फरक आहे तो ताठपणाचा. फियाटचे पाटे माणसांसाठी, तरी मे महिन्यात कोकणात जाताना पुढे तीन, मागे चार आणि कॅरिअरवर वळकट्या, म्हणून गाडी मागून बसायची. मग पाटेवाल्याकडे जाऊन पाटे ठोकून पुन्हा कमान द्यायची, नाहीतर एक पान वाढवायचं. पान वाढवलं की एकट्यादुकट्याचे मणके खिळखिळे.

हायलक्सचं दुखणं उलटं. तिचे पाटे मालासाठी, आणि हौदा बहुतेकदा रिकामा. स्पीडब्रेकरवर मागचा भाग उडतो, ओल्या वळणावर शेपूट सरकते. वाळूची पोती टाकायची तर एक्सलच्या बरोबर वर, आणि बांधून. फाळक्याला टेकवून ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात.

पाट्यांचे रोग मात्र दोघींचे सारखेच. पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या शॅकलचे बुश, म्हणजे रबरी नळकांडी, झिजले की कुईकुई सुरू होते. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल राहिले की पानं एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. म्हणून पाट्यांचं काम झाल्यावर काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचेच. पाट्यांवर जुनं इंजिन ऑइल ओतायची हौस काहींना असते. त्यावर धूळ बसून घासणारी पेस्ट तयार होते आणि बुशच्या रबराचीही वाट लागते.

बाकी इंजिनांचं जग वेगळं. घाटात फियाटचा एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा, गारव्याच्या एसीचा नव्हे) तापून पेट्रोलची वाफ झाली की ओलं फडकं गुंडाळायचं आणि चहा होईपर्यंत थांबायचं. आजच्या डिझेलच्या डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, असलं फडकं चालत नाही. शहरात रोज चार-पाच किलोमीटर रखडत चालवली तर त्यात काजळी साचते, कारण ती जाळायला सायलेन्सरच्या नळीत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की हायवेवर अर्धा तास एका लयीत पळवून आणायची. तरी दिवा विझला नाही तर गाडीच्या कॉम्प्युटरला गॅरेजमधला स्कॅनर जोडावा लागतो.

म्हणजे एकीला थांबवायचं, दुसरीला पळवायचं. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सीतून फियाट गेली, तेव्हा लोकांनी तिच्याबरोबर भरपूर फोटो काढले. पाट्यांचा फोटो कुणी काढला असेल असं वाटत नाही. काढणार तरी कसा, त्यासाठी जमिनीवर झोपावं लागतं.