अजून मुरूम लागला नाही

आज सुट्टी टाकून प्लॉटवर गेलो होतो. आमच्या नगरकडची काळी माती; उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगून बसते. घराच्या पायासाठी पाच फूट खणलं तरी मुरूम लागेना. तिकडे जेसीबीचं मीटर पळतंय, इकडे माझा जीव वर-खाली. मिस्त्रींना म्हटलं, "मामा, बास की आता, खाली कोण बघायला येतंय?" त्यांनी पहारीचा एक ठोका तळाला मारला. धप्प. "ऐका साहेब. टणक वाजल्याशिवाय मी जाळी टाकणार नाही."

आणि एकदम बायबलमधला लूकचा सहावा अध्याय आठवला. खडकावर घर बांधणाऱ्याचा दाखला मत्तयातही आहे, पण तो माणूस खोल खणत गेला हे लूकच सांगतो. संडे स्कूलपासून हातवारे करत म्हटलेला दाखला, पण खणायच्या डिझेलचा हिशेब कधी डोक्यात आला नव्हता!

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं त्या खणतच होत्या. नवऱ्यापासून ताटातूट, मग सोवळं-ओवळं एकेक करत सुटलं, आतून पटलं, तेव्हा कुठे पाणी घेतलं. माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला, आयता. रविवारी पाळकसाहेबांना 'जय ख्रिस्त', नाताळला नवा शर्ट. पहार मारली तर कसा आवाज येईल, देव जाणे.

सात फुटांवर टणकन वाजलं. मामा गालात हसले. जेसीबीवाल्याला उद्या पैसे देतो म्हणालोय.