तुमच्याच रिपोर्टात 'माती चांगली' लिहिलंय ना?

पऱ्हाटी उपटून रानं मोकळी झाली की दर उन्हाळ्यात माझ्या पायरीवर कुणीतरी उभं राहतं. "ताई, कचरा डेपोच्या मातीचा रिपोर्ट तुम्हीच दिलता ना? चांगली हाय म्हणून? मग आता टाकू नका काय म्हणायलेत?" गोदाकाठच्या तालुक्याच्या गावात, मोंढ्याजवळच्या दोन खोल्यांत मी माती परीक्षणाचं काम करते. पायरीवर उत्तर देता देता तीन वर्षं गेली. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदा सगळं लिहून काढते.

हो, रिपोर्ट माझाच. त्यात लिहिलेलं खरंही आहे.

आमच्या गावचा डेपो म्हणजे गावाबाहेरची जुनी खदान. पस्तीसेक वर्षं नगरपरिषदेच्या गाड्या तिथं रिकाम्या होत होत्या. भंगारवाले तिथंच वायरी जाळून तांबं काढायचे, फुटक्या बॅटऱ्या ठोकायचे. मग २०१८ आलं. त्या फेब्रुवारीत औरंगाबादेत, शहराचा कचरा जिथं पडायचा त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरात महिनोन्महिने ढीग साचले, मार्चमध्ये शहराजवळच्या मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला. तेव्हापासून मराठवाड्यातल्या प्रत्येक छोट्या नगरपरिषदेच्या पोटात एकच भीती बसली, आपलं नारेगाव होऊ नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि जुने ढीग उपसायला पैसा मिळू लागला. ठेकेदार आला, फिरती चाळणी लावली. प्लास्टिक, चिंध्या एका बाजूला, दगड दुसऱ्या बाजूला आणि खाली काळीभोर भुसभुशीत माती.

ती माती कुठं तरी जायलाच हवी होती. ढीग गेला तरच जागा मोकळी दिसणार आणि बिल निघणार. गाळाची सवय आपल्या लोकांना आहेच, तलावातला गाळ स्वतःच्या डिझेलवर नेतो आपण. डेपोवर तर भरून मिळत होतं. ट्रॅक्टर लागले.

नगरपरिषदेचा माणूस माझ्याकडं पिशवी घेऊन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "पीक कोणतं घ्यायचंय?" तो म्हणाला, "सगळीच." मी नेहमीचा फॉर्म भरला. चूक तिथं झाली आणि ती माझी. पिशवी डेपोची आहे हे मला माहीत होतं.

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून घरोघरी आहे, पण तिच्यात काय असतं ते फार थोडे वाचतात. १२ गोष्टी असतात. सामू (म्हणजे पीएच), क्षारता (मातीत विरघळलेले क्षार), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. सगळा हिशेब पिकाच्या पोटाचा. शिसं नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही, पारा नाही. ते बघायला माती आम्लात शिजवावी लागते, यंत्र वेगळं लागतं, आणि पैसे आपल्या साध्या तपासणीच्या कितीतरी पट.

आता तो कागद डोळ्यांसमोर आणा. आपल्या रानांत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का निघाला तरी आम्ही खूश होतो. इथं दोनच्या वर. स्फुरद, पालाश 'अत्यंत जास्त'. जस्त आपल्याकडं नेहमी कमी पडतं, ०.६ पीपीएम, म्हणजे किलोमागं ०.६ मिलिग्रॅम, असलं तरी पुरे म्हणतात. इथं ते कैक पटींनी वर, तांबंही तसंच. फॉर्मवर त्यापुढं छापलेला शब्द 'भरपूर'. एवढं जस्त आणि तांबं मातीत आपोआप येत नाही, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. वेगळा सूर लावणारा आकडा एकच होता, क्षारता. ती १ च्या आत असली की निर्धास्त. इथं ३ च्या वर. मी शेरा लिहिला, 'उगवणीवर परिणाम होऊ शकतो.' तो शेरा कुणी वाचला नाही. वर 'सुपीकता: उत्तम' होतं ना.

पावसाळ्यात डेपोच्या खालच्या अंगाला एका आप्पांच्या विहिरीचं पाणी चहासारखं झालं. जनावरं तोंड लावेनात. आखाड्यावरच्या, म्हणजे तिथल्या रानातल्या वस्तीवरच्या, चार घरांनी अर्ज दिला, माती आणि पाणी तपासा म्हणून. नगरपरिषदेनं काय केलं? आधी ढिगाऱ्याभोवती ब्लिचिंग पावडर मारली. (शिसं त्यानं मरत असतं तर काय हवं होतं!) मग वरून मुरूम पसरला. आखाड्यावर दोन दिवसांआड टँकर सुरू केला, हे मात्र बरं केलं. आणि चौथी गोष्ट म्हणजे अर्जाला लेखी उत्तर दिलं, 'सदर मातीची प्रयोगशाळेत तपासणी केली असून ती उत्तम असल्याचा अहवाल प्राप्त आहे.' सोबत माझ्या कागदाची झेरॉक्स.

आप्पांनी ती झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली. बोलले काहीच नाहीत.

मी स्वच्छता निरीक्षकाकडं गेले. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, मलाबी कळतंय. पण धातूच्या टेस्टचं बिल कोणत्या हेडखाली टाकू सांगा. पावडरचं हेड हाय, मुरमाचं हाय." मी म्हटलं, शहराच्या कचऱ्याच्या खताला मर्यादा ठरलेल्या आहेत, किलोमागं शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, पारा ०.१५, निदान तेवढं तरी बघा. तर म्हणाला, "ते खताला. ही माती हाय." आणि डेपोच्या फाटकावर त्यांचाच बोर्ड, 'शेतकऱ्यांसाठी मोफत सेंद्रिय खत'.

मग मी नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं, 'माझा अहवाल अन्नद्रव्यांपुरता आहे, माती निर्धोक असल्याचा नाही.' आवक शिक्क्याची पोच घेतली. ते मुख्याधिकारी बदलून गेले, नव्यांना पत्र फाईलमध्ये सापडलं नाही, मी पोच दाखवली. शेवटी आखाड्यावाल्यांनी वर्गणी केली आणि तीन कोपऱ्यांतले तीन नमुने शहरातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत धाडले. दोन नमुने मर्यादेच्या आत. तिसऱ्यात, जिथं बॅटऱ्या ठोकायचे त्या बाजूला, शिसं वर. त्यानंतर आठवड्याभरात माती उचलणं बंद झालं, बोर्डही गेला. किती ट्रॅक्टर कुणाच्या रानात गेले याची नोंद मात्र कुठंच नाही. फुकट दिलेल्या वस्तूची पावती कोण फाडतं?

जुने डेपो तपासण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी नगरपरिषदेवरच टाकली होती. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांचे वेगळे नियमही काढले. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. आप्पांनी आता जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिलाय, त्या यादीत आपला डेपो घाला म्हणून. सोबत तिन्ही रिपोर्ट, आणि माझ्या पत्राची पोचही.

आता तुमच्या रानाचं. ज्यांनी टाकली त्यांनी घाबरून रान पडीक ठेवू नका. आपली जमीन चुनखडीची, सामू आठच्या आसपास, काळ्या मातीत चिकण भरपूर. शिसं तिला धरून वरच्या थरातच बसतं, पिकात फार चढत नाही. कॅडमियम मात्र चढतं, आणि पालेभाजी ते लवकर उचलते. म्हणून त्या पट्ट्यात तपासणी होईस्तोवर पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा नको. कापूस घ्या. लेकरांना त्या मातीत खेळू देऊ नका, शिशाचा खरा धोका हातातून तोंडात जाण्याचा आहे. विहीर डेपोच्या खालच्या अंगाला असेल तर पाण्याची तपासणी वेगळी करा, मातीवरून पाणी कळत नाही.

आणि माझ्याकडं पिशवी आणणार असाल तर आधीच सांगते, शिसं माझ्याकडं होत नाही, नमुना मी पुढं पाठवते. आठ-दहा ठिकाणची माती घ्या, वरचा वीतभर थर, स्वच्छ पिशवीत. चिठ्ठीवर गट नंबर तर लिहाच, आणि आठवत असेल तर ट्रॅक्टर डेपोच्या कोणत्या कोपऱ्यातून भरला होता तेही लिहा.